पाऊस उघडला की सोयाबीनवर काय फवारायचं आणि कधी

आमचं रान औसा तालुक्यात. चार एकर सोयाबीन, त्यातलं दोन एकर काळं आणि दोन एकर उताराचं मुरमाड. २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. तेव्हा मुरमाडातल्या सोयाबीनने माना टाकल्या आणि मी घाबरून दुकानात गेले. पिशवीभर माल घेऊन आले आणि भर दुपारी, कोमेजलेल्या पानांवर, १३:००:४५ हे विद्राव्य खत, अळीचं औषध आणि नॅनो युरियाची बाटली एकाच पंपात कालवून मारलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तांबूस करपल्या. खरी चूक वेळेची होती, म्हणून आधी वेळेचंच सांगते.

दुपारी बारा-एकला रानात उभं राहा. सोयाबीनला पाण्याचा ताण बसू लागला की ती पानं उलटी करते, खालची पांढुरकी बाजू वर दिसते आणि अख्खं वावर लांबून चंदेरी वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा जा. पानं ताठ झालेली असतील तर फवारणीची हीच वेळ. सकाळीही माना खालीच असतील तर फवारणीवर पैसे घालू नका. त्या पिकाला पाणीच लागतं. शेततळं, बोअर, शेजाऱ्याची विहीर, जिथून मिळेल तिथून स्प्रिंकलरने एक पाणी द्या. शेंगा भरतानाचं एक पाणी दहा फवारण्यांना भारी.

फवारायचं काय? ताणासाठी पहिलं नाव पोटॅशियम नायट्रेटचं, म्हणजे आपलं १३:००:४५. प्रमाण एक टक्का, १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम. माझा पंप १५ लिटरचा, त्यात १५० ग्रॅम जातं. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर दोन किलो. पानांच्या बारीक छिद्रांची उघडझाप पालाशावर, म्हणजे पोटॅशियमवर चालते. पालाश पुरेसा असला की झाड छिद्रं वेळेवर मिटतं आणि पाणी राखतं. काळ्या जमिनीत पालाश असतोच की, असं माझे दीर म्हणतात आणि ते खरंही आहे. पण मुळं अन्न घेतात ते पाण्यातून. माती वाळली की जमिनीतला पालाश असून नसल्यासारखा, म्हणून तो पानावरून द्यायचा. पावसाने पाठ फिरवलेलीच राहिली तर दहा-बारा दिवसांनी दुसरी फवारणी.

आता नॅनो. २०२१मध्ये इफको या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेची नॅनो युरियाची बाटली आली, म्हणजे पानावर फवारायचा पातळ युरिया; २०२३मध्ये डीएपी खताचीही तशीच बाटली, नॅनो डीएपी. लेबलवर प्रमाण लिटरला दोन ते चार मिली. १५ लिटरच्या पंपाला ३० ते ६० मिली. बाटली चांगली हलवूनच ओता, तळाशी बसलेलं तसंच राहतं. पण एक हिशोब करून बघा. नॅनो युरियाच्या पहिल्या बाटलीत ४ टक्के नत्र (नायट्रोजन) होतं, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये २० ग्रॅम. नव्या बाटल्यांत टक्के वाढलेत. वीस टक्के धरले तरी ते शंभर ग्रॅमच्या आसपास. आठ क्विंटल सोयाबीनच्या दाण्यात जवळपास ५० किलो नत्र असतं! पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत नेहमीच्या युरियाच्या जागी नॅनो वापरल्यावर गहू आणि भात दोन्ही पिकांचं उत्पादन घटलं. एक बाटली युरियाच्या एका गोणीची जागा घेते असं सांगतात, त्यावर म्हणूनच माझा विश्वास नाही.

तरीही मी ती ठेवते, एवढ्यासाठी की सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात आणि कोरड पडली की झाडाच्या आधी त्याच मंदावतात. शेंगा लागताना पान पिवळट वाटलं तर थोडं नत्र पानावरून मिळू दे, एवढीच अपेक्षा. गाठी फोडून बघा. आतून गुलाबी असतील तर बाटली कपाटातच राहू द्या.

मिसळणं हा सगळ्यात नाजूक भाग. आधी बरणीत थोड्या पाण्यात सगळं त्याच प्रमाणात कालवा आणि अर्धा तास ठेवा. गाळ बसला, फाटल्यासारखं दिसलं किंवा बरणी गरम लागली तर ते पंपात नको. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, म्हणून फवारणीला मी टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. धुतला म्हणून भागत नाही. वेळ सकाळी दहाच्या आत, नाहीतर चारनंतर. वारा असेल तर घरी बसा.

केओलीन या पांढऱ्या मातीची फवारणीही सांगतात, शेकडा पाच-सहा. पानावर पांढरा थर बसतो, ऊन परततं. पण एकराला दहा-बारा किलो माती ढवळत बसायचं, नोझल चोंदतं, आणि एका सरीत सगळं धुऊन जातं. मी एकदा केलं, परत नाही.

फुलोरा यायच्या आधीच खंड पडला तर फवाऱ्याआधी कोळपं फिरवा. भेगा बुजतात, ओल राहते आणि तणाने प्यायचं पाणी वाचतं. फुलं लागल्यावर मात्र कोळपं आत नको, मुळं तुटतात.

शेवटचं काम फुकटातलं आहे: चार ओळी न फवारता सोडा. खुंट्या ठोकून खूण करा, काढणीला त्या वेगळ्या मळा आणि शेजारच्या चार ओळींशी तोलून बघा. दुकानदाराचं, माझं, कुणाचंच ऐकायची गरज राहत नाही. माझ्या काळ्या रानातल्या दोन्ही ढिगांत फरक ओळखू येत नव्हता. मुरमाडात न फवारलेल्या ओळींचे दाणे बारीक आणि सुरकुतलेले निघाले. तेव्हापासून १३:००:४५ फक्त मुरमाडाच्या दोन एकरांपुरतंच आणते.