सॉल्टएअरच्या जुन्या फोटोचं साल कसं काढायचं

अमेरिकेतल्या युटा राज्यात, ग्रेट सॉल्ट लेकच्या पाण्यात खांबांवर उभा केलेला सॉल्टएअर हा नृत्यमंडप एके काळी खूप गाजला होता. त्याची पोस्टकार्डं आजही सहज मिळतात, पण विकणाऱ्याने टाकलेलं साल बऱ्याचदा चुकलेलं असतं. कारण या नावाच्या इमारती एक नाही, तीन झाल्या.

आधी तो क्रम कागदावर उतरवून घ्या. पहिली १८९३ ची, रिचर्ड क्लेटिंग यांनी आखलेली, कांद्याच्या आकाराच्या घुमटांची. ती २२ एप्रिल १९२५ रोजी जळाली. त्याच जागी १९२६ मध्ये दुसरी उभी राहिली. ती महायुद्धाच्या काळात बंद होती, १९५८ नंतर कायमची बंद पडली आणि नोव्हेंबर १९७० मध्ये लावलेल्या आगीत गेली. म्हणजे १९५९ ते १९७० मधली म्हणून विकली जाणारी, नाचणाऱ्या गर्दीची चित्रं सरळ बाजूला काढा. तिसरी इमारत १९८१ ची, हवाई दलाच्या हँगरपासून केलेली आणि मूळ जागेपासून दीडेक किलोमीटर पश्चिमेला आहे. ती ओळखायला वेळ लागत नाही. खरी गल्लत होते पहिल्या दोघींत, कारण घुमट दोन्हींना आहेत.

पोस्टकार्ड असेल तर ते उलटं करा. मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असेल, तर छपाई १ मार्च १९०७ च्या आधीची. मध्ये उभी रेघ असेल, तर नंतरची. चित्राभोवती पांढरी चौकट साधारण १९१५ ते १९३० मधली, आणि कापडासारखा खरखरीत कागद त्यानंतरचा. पण हे झालं छपाईचं वय. छापखाने जुनंच चित्र वर्षानुवर्षं वापरत, त्यामुळे टपालाच्या शिक्क्यावरून एवढंच ठरतं की फोटो त्या तारखेनंतरचा नाही.

मग रेल्वे पाहा. सॉल्ट लेक सिटीहून येणाऱ्या गाड्या १९१९ मध्ये विजेवर धावू लागल्या. रुळांवर तारा ताणलेल्या दिसल्या, तर फोटो त्याआधीचा असू शकत नाही. तारा दिसल्या नाहीत म्हणून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. पुसट छपाईत बारीक तार हरवते. भिंगातून खांब शोधा.

सगळ्यात बोलका पुरावा मंडपाखाली असतो: पाणी. हा तलाव परातीसारखा उथळ, त्यामुळे पातळी फूटभर उतरली तरी काठ कितीतरी मागे सरकतो. १९३३ च्या सुमारास पाणी मंडपापासून सुमारे अर्धा मैल लांब गेलं होतं. खांबांखाली कोरडी जमीन दिसली की लोक म्हणूनच '१९३३ नंतरचा' असं ठोकून देतात. इथेच फसगत होते, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतही पाणी बरंच ओसरलं होतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर सॉल्टएअर बोट हार्बर केंद्राच्या (क्रमांक १००१००००) नोंदी फुकट पाहता येतात. वर्षाची सरासरी घेऊ नका. बर्फ वितळून मे-जूनमध्ये पातळी चढते आणि शरदात उतरते, तेव्हा कपड्यांवरून ऋतू ठरवा आणि त्या महिन्याचाच आकडा जुळवा.

शेवटी युटा डिजिटल न्यूजपेपर्स हा जुन्या वर्तमानपत्रांचा ऑनलाइन संग्रह. शोधताना नाव जोडूनही टाका आणि 'सॉल्ट' व 'एअर' असं तोडूनही; जुनी छपाई वाचताना यंत्र चुकतं, तेव्हा 'बीच' आणि 'पॅव्हिलियन'ही वापरून बघा. हंगाम सुरू होतानाच्या, मे महिन्याच्या अंकांत नव्या दुरुस्त्यांची बातमी सापडू शकते. नृत्याची जागा 'जगात सर्वांत मोठी' असल्याचा दावा मात्र जाहिरातीतला समजा.

उत्तर एका सालात बसवण्याचा हट्ट नको. '१९१९ ते एप्रिल १९२५, वरच्या तारांवरून आणि पहिल्या इमारतीवरून' असं कारणासकट पेन्सिलीने लिहा, आणि तेही कार्डावर नाही, वेगळ्या चिठ्ठीवर.