पहिला, तळाचा, पुन्हा पहिला: रेड सॉक्सची दहा वर्षं तक्त्यावर कशी वाचायची

बॉस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा २०१० ते २०१९ मधला गटातला क्रमांक ओळीने लिहिला तर असा दिसतो: तिसरा, तिसरा, पाचवा, पहिला, पाचवा, पाचवा, पहिला, पहिला, पहिला, तिसरा. त्यांच्या गटात, म्हणजे अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात, संघच पाच, म्हणजे पाचवा तो तळाचा. तळ तीनदा गाठला आणि त्याच दहा वर्षांत वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, दोनदा जिंकली, २०१३ आणि २०१८ मध्ये. असा चढउतार दिसला की संघातलं वातावरण, मॅनेजरचा स्वभाव, जिद्द असली कारणं लगेच पुढे येतात. ती खोटीच असतात असं नाही, पण त्यांचा नंबर शेवटी. आधी आकडे मांडायचे. नेट रन रेटची आकडेमोड ज्यांना जमते त्यांना हे काम तासाभराचं आहे.

तक्ता

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये पाच रकाने करा: वर्ष, विजय, पराभव, काढलेल्या धावा, दिलेल्या धावा. विजय-पराभव एकाच चौकटीत टाकू नका. मधली रेघ पाहून शीट त्याला मजकूर समजते, कधी चक्क तारीख समजते, आणि पुढची सगळी गणितं अडतात. इथे जागा वाचवण्यासाठी एकत्र लिहिलं आहे:

२०१०: ८९-७३, काढल्या ८१८, दिल्या ७४४
२०११: ९०-७२, ८७५, ७३७
२०१२: ६९-९३, ७३४, ८०६
२०१३: ९७-६५, ८५३, ६५६
२०१४: ७१-९१, ६३४, ७१५
२०१५: ७८-८४, ७४८, ७५३
२०१६: ९३-६९, ८७८, ६९४
२०१७: ९३-६९, ७८५, ६६८
२०१८: १०८-५४, ८७६, ६४७
२०१९: ८४-७८, ९०१, ८२८

प्रत्येक ओळीत विजय आणि पराभवाची बेरीज १६२ यायला हवी, कारण मोसमात सामने तेवढेच. या दशकाची एकूण बेरीज ८७२-७४८ येते. ती जुळली नाही तर कुठेतरी आकडा उलटा पडलाय. प्लेऑफचे, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचे, सामने यात धरायचे नाहीत. ते वेगळे लिहा.

आता सहावा रकाना, धावफरक: काढलेल्या वजा दिलेल्या. ढोबळ हिशेब असा की मोसमभरातल्या दहा धावांच्या फरकाला एक विजय. ८१ म्हणजे निम्मे सामने, त्यात फरक भागिले दहा मिळवा. २०१८ चा फरक २२९, म्हणजे साधारण १०४ विजयांचा संघ. प्रत्यक्षात १०८.

सातवा रकाना, अपेक्षित विजय. याचं सूत्र बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं: काढलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज, गुणिले १६२. २०१६ घ्या. ८७८ चा वर्ग ७,७०,८८४ आणि ६९४ चा ४,८१,६३६. बेरीज १२,५२,५२०. भागाकार ०.६१५, आणि १६२ ने गुणल्यावर जवळपास १००. प्रत्यक्ष विजय ९३. वर्गाऐवजी १.८३ हा घात वापरला तर ९८ येतात आणि ते उत्तर जास्त विश्वासाचं, कारण वर्गाचं सूत्र चांगल्या संघाला थोडं फुगवतं. मात्र दहाही ओळींना एकच घात लावा. इथले पुढचे आकडे वर्गाचे आहेत.

आठव्या रकान्यात प्रत्यक्ष वजा अपेक्षित. २०१६ आणि २०१७ दोन्ही वर्षी ९३-६९, म्हणून ते संघ सारखे वाटतात. अपेक्षित विजय मात्र १०० आणि ९४. पहिला संघ सरळ सरळ सरस होता, नशीब आडवं आलं. २०१९ चे अपेक्षित ८८, मिळाले ८४. २०१२ चे ७३, मिळाले ६९. अख्ख्या दशकात अपेक्षेच्या ठळकपणे वर गेलेलं वर्ष एकच, २०१८. वजा चार-पाच दिसलं की लगेच मॅनेजरला धरू नका. एका धावेने सुटणारे सामने दोन-चार इकडचे तिकडे झाले की एवढा फरक पडतोच.

दिलेल्या धावांवर क्रम लावा

सगळ्यात उपयोगी पायरी हीच, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. अख्खा तक्ता निवडा आणि दिलेल्या धावांच्या रकान्यावर चढता क्रम लावा. एकटा तोच रकाना निवडून क्रम लावलात तर वर्षं एकीकडे आणि धावा दुसरीकडे होतील. वर येणारी चार वर्षं: २०१८, २०१३, २०१७, २०१६. सातशेच्या आत धावा दिल्या ती वर्षं एवढीच, आणि गटात पहिला क्रमांक आला तीही हीच चार. उरलेल्या सहांमध्ये एकही पहिला नाही.

आता काढलेल्या धावांवर उतरता क्रम लावून बघा. सर्वात वर २०१९, ९०१ धावा, आणि क्रमांक तिसरा. २०११ च्या ८७५ धावा २०१८ पेक्षा एकाच धावेने कमी, पण प्लेऑफसुद्धा नाही. आणि २०१७ चा संघ ७८५ धावांवर गटात पहिला. या संघाची बॅटिंग २०१४ चा अपवाद सोडला तर क्वचितच आटली. दशक वरखाली झालं ते पिचिंगमुळे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांमुळे, आणि पुढे कारणं शोधायची तीही आधी तिथेच.

एक सावधगिरी. सातशे ही रेघ या संघापुरती आणि या दशकापुरती आहे. रेड सॉक्सचं घरचं मैदान फेनवे पार्क, त्याची डावी भिंत होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, अवघ्या ३१० फुटांवर आणि ३७ फूट उंच, त्यामुळे दुसऱ्या मैदानात सहज झेल ठरणारा चेंडू इथे भिंतीवर आदळून दोन बेसचा फटका होतो. अशा मैदानावर धावा दोन्ही संघांच्या वाढतात. म्हणून धावफरकाची तुलना दुसऱ्या संघाशी चालते, नुसत्या दिलेल्या धावांची नाही.

वर्षाचं हवामान

दहा वर्षं एका रांगेत ठेवताना बेसबॉल स्वतः बदलला हे विसरायचं नाही. २०१४ मध्ये सगळ्या मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल स्पर्धेची, सरासरी दर संघाला दर सामन्याला ४.०७ धावा होती, २०१९ मध्ये ४.८३. होमरन तर ४,१८६ वरून ६,७७६ वर गेले. म्हणून नववा रकाना: दिलेल्या धावा भागिले १६२, आणि त्याला त्या वर्षीच्या सरासरीने भागा. १ च्या खाली चांगलं, वर वाईट.

गंमत इथे दिसते. २०१० मध्ये ७४४ धावा दिल्या, २०१४ मध्ये ७१५. पिचिंग सुधारलं म्हणायचं? २०१० चे सामन्याला ४.५९, लीगची सरासरी ४.३८, गुणोत्तर १.०५. २०१४ चे ४.४१, सरासरी ४.०७, गुणोत्तर १.०८. धावा कमी दिल्या आणि पिचिंग बिघडलं, दोन्ही एकाच वेळी खरं. त्याच वर्षी काढलेल्या ६३४ धावाही सामन्याला ३.९१ पडतात, म्हणजे सरासरीच्या थोड्याच खाली. दिसतात तेवढ्या भीषण नाहीत. पण फेनवेसारख्या मैदानात खेळून सरासरीही न गाठणं ही कौतुकाची गोष्ट नव्हे.

वर्षाची ओळ फोडा

१६२ सामन्यांच्या एका ओळीत कधी कधी दोन वेगळे संघ दडलेले असतात. ऑगस्ट २०१२ मध्ये बॉस्टनने एड्रियन गोन्झालेझ, जॉश बेकेट, कार्ल क्रॉफर्ड आणि निक पुंटो यांना एकाच व्यवहारात लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवलं आणि २५ कोटी डॉलरहून जास्त पगाराचं ओझं उतरवलं. जुलै २०१४ च्या अखेरीस जॉन लेस्टर, जॉन लॅकी, जेक पीव्ही हे तीन मुख्य पिचर गेले. अशा वर्षी व्यवहाराच्या तारखेला ओळ कापून दोन ओळी करा.

२०११ मात्र महिन्यावर फोडायचं. ऑगस्ट संपला तेव्हा रेड सॉक्स ८३-५२ आणि प्लेऑफच्या जागेसाठी त्यांच्याशी झुंजणारे टँपा बे रेज ७४-६१. किती सामन्यांची आघाडी, हे काढायची रीत: विजयांतला फरक ९, पराभवांतला फरक ९, बेरीज १८, भागिले २, म्हणजे ९. सप्टेंबरमध्ये रेड सॉक्स ७-२० आणि रेज १७-१०. शेवट ९०-७२ आणि ९१-७१. २८ सप्टेंबरच्या रात्री बाल्टिमोरमध्ये बॉस्टन नवव्या, म्हणजे नेहमीच्या शेवटच्या, इनिंगमध्ये हरलं आणि काही मिनिटांतच तिकडे रेजने यँकीजविरुद्ध ०-७ अशी पिछाडी भरून काढत बाराव्या इनिंगमध्ये सामना घेतला. वर्षाच्या ओळीतला अधिक १३८ चा धावफरक आणि ९५ अपेक्षित विजय यांतलं काहीच सांगत नाहीत.

याच वर्षाला एक नियमाची बाजू आहे. वाइल्ड कार्ड, म्हणजे गट न जिंकताही प्लेऑफमध्ये मिळणारी जागा, तेव्हा लीगमागे एकच होतं, २०१२ मध्ये दोन झाली. दुसरं वाइल्ड कार्ड आधीच असतं तर २०१० आणि २०११ दोन्ही वर्षी ते रेड सॉक्सनाच मिळालं असतं. म्हणून "प्लेऑफ गाठलं की नाही" हा रकाना ठेवायचाच असेल तर शेजारी त्या वर्षीचा नियम लिहा.

पिचरचे विजय-पराभव बाजूला ठेवा

कारणांकडे वळलं की पहिला खड्डा हा. रिक पोर्सेलोचे आकडे बघा: २०१५ मध्ये ९-१५, २०१६ मध्ये २२-४ आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, २०१७ मध्ये ११-१७, २०१८ मध्ये १७-७, २०१९ मध्ये १४-१२. यावरून २०१५ आणि २०१७ ही त्याची सर्वात वाईट वर्षं आणि २०१९ बरं वाटतं. ईआरए बघा, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा: ४.९२, ३.१५, ४.६५, ४.२८, ५.५२. सर्वात वाईट वर्ष २०१९ निघालं. त्या वर्षी मागे ९०१ धावांची बॅटिंग होती, तिने त्याचे विजय तारले. पिचरच्या नावावरचा विजय हा निम्मा बॅटरांचा असतो.

आता प्रत्येक वर्षासमोर तीन गोष्टी लिहा: मुख्य पाच पिचरांपैकी किती जण वर्षभर उभे राहिले, शेवटची इनिंग कोणी टाकली, आणि मोठा पैसा कुठे गेला. २०१३ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेने आधीचा अख्खा मोसम बुडालेला लॅकी परत आला. शेवटच्या इनिंगसाठी आणलेले जोएल हॅनरहन आणि अँड्र्यू बेली दोघेही जखमी झाले, तेव्हा काम कोजी उएहाराकडे गेलं आणि त्याने १.०९ ईआरए दिला. यात नियोजन किती आणि योगायोग किती, हे प्रामाणिकपणे लिहा. पुढच्या वर्षी घसरण झाली ती याच हिशेबात बसते.

पैशाचं म्हणाल तर कुठल्या वर्षी करार झाला आणि कुठल्या वर्षी तो दुखला, हे दोन वेगळे रकाने हवेत. २०१४ च्या अखेरीस पाब्लो सँडोवालला पाच वर्षांचे साडेनऊ कोटी डॉलर दिले आणि जुलै २०१७ मध्ये त्याला सोडूनही दिलं. गंमत म्हणजे तेव्हा संघ गट जिंकायच्या वाटेवर होता. चांगल्या वर्षाच्या पोटात वाईट करार असतो आणि वाईट वर्षात चांगली पेरणी. मुकी बेट्सला २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचव्या फेरीत घेतलं, तो २०१८ चा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मौल्यवान खेळाडू.

प्लेऑफचा कागद वेगळा ठेवा. २०१३ मध्ये ११-५, २०१८ मध्ये ११-३, २०१६ मध्ये ०-३, २०१७ मध्ये १-३. पाच सामन्यांच्या मालिकेवरून संघाची ताकद ठरवू नका. २०१६ चा संघ तीन सामने खेळला आणि घरी गेला, पण धावफरकात तो या दशकातला तिसरा.

तक्ता पुढे वाढवायचा असेल तर २०२० ची ओळ तशीच जोडू नका. कोविडमुळे मोसम ६० सामन्यांचाच झाला आणि रेड सॉक्स २४-३६ वर पुन्हा तळाला. आधी दोन्ही धावा २.७ ने (१६२ भागिले ६०) गुणा, आणि त्या ओळीला वेगळा रंग द्या.