सरकारी अवकाश प्रयोगशाळेत क्ष-किरण खगोलशास्त्राचे संशोधन करायचे असेल तर

कृष्णविवरांभोवतीच्या तप्त चकत्या, न्यूट्रॉन तारे आणि दीर्घिकासमूहांतला कोट्यवधी अंश तापमानाचा वायू यांच्याकडून येणारे क्ष-किरण पृथ्वीचे वातावरण शोषून घेते. त्यामुळे उपकरण बलूनने, अग्निबाणाने किंवा उपग्रहाने वर नेल्याशिवाय या शाखेत निरीक्षण करता येत नाही आणि म्हणूनच ती अवकाश संस्थांच्या आश्रयाने वाढली. भारतातही तसेच घडले. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले यू. आर. राव मुळात वैश्विक किरणांचे आणि क्ष-किरण खगोलशास्त्राचे संशोधक होते. १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेल्या आर्यभट्ट उपग्रहावर क्ष-किरण खगोलशास्त्राचा प्रयोग होता. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे तो काही दिवसांतच थांबला, पण उपग्रहावरून अशी निरीक्षणे करण्याची परंपरा तिथूनच पडली.

आज या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत आणि अर्ज करण्यापूर्वी कोण काय करते हे नीट माहीत असावे. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, म्हणजेच पीआरएल, विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये स्थापन केली. ती अवकाश विभागाच्या अखत्यारीत येते आणि चांद्रयान-२ वरील सौर क्ष-किरण मापक तिथेच तयार झाला. बंगळूरच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातील खगोलशास्त्र गटाने आदित्य-एल१ वरील दोन क्ष-किरण वर्णपटमापक आणि १ जानेवारी २०२४ रोजी सोडलेल्या एक्स्पोसॅट या क्ष-किरण उपग्रहावरील एक्स्पेक्ट हे उपकरण बांधले. त्याच एक्स्पोसॅटवरील पोलिक्स हा ध्रुवणमापक मात्र रामन संशोधन संस्थेचा आहे, तर अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहावरील मोठी क्ष-किरण उपकरणे प्रामुख्याने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. या शेवटच्या दोन संस्था अवकाश विभागाच्या नाहीत. तरीही एकाच उपग्रहावर सगळे एकत्र काम करत असल्यामुळे पीएच.डी. एका ठिकाणी, पुढची फेलोशिप दुसऱ्या ठिकाणी आणि कायमची नोकरी तिसऱ्या ठिकाणी, असा प्रवास या क्षेत्रात अगदी सामान्य आहे.

आत शिरण्याचे मार्ग ढोबळमानाने दोन आहेत आणि त्यांची गल्लत केल्याने पुष्कळ विद्यार्थ्यांचा वेळ वाया जातो. पहिला मार्ग भरतीचा. इस्रोच्या केंद्रीय भरती मंडळाकडून ‘सायंटिस्ट-इंजिनिअर एससी’ (इथे ‘एससी’ हे श्रेणीचे नाव आहे) या पदासाठी जाहिराती निघतात. त्यांतल्या बहुतेक जागा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांसाठी असतात, आणि निवड झाल्यावर आपण खगोलशास्त्राच्या गटातच जाऊ याची हमी नसते. दुसरा मार्ग संशोधनाचा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एक परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, मुलाखत द्यायची आणि ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून पीएच.डी. सुरू करायची. ज्याला आकाशातल्या स्रोतांवर काम करायचे आहे त्याने दुसरा मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी आधी आणि खगोलशास्त्र नंतर हा बेत क्वचितच तडीस जातो. पीएच.डी. झाल्यावर त्यावरच्या ‘एसडी’ श्रेणीच्या जागांसाठी केंद्रे स्वतंत्रपणे जाहिरात देतात, तेव्हा भरतीचे दार पुन्हा उघडतेच. तिरुवनंतपुरमच्या भारतीय अवकाश विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत बारावीनंतर प्रवेश घेणे हाही एक पर्याय आहे.

पैशाचेही स्पष्ट सांगायला हवे. केंद्र सरकारने २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार ज्युनिअर रिसर्च फेलोला दरमहा ३७,००० रुपये आणि सीनिअर फेलोला ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे. ‘एससी’ पदाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५६,१०० रुपयांपासून आणि ‘एसडी’चे ६७,७०० रुपयांपासून सुरू होते.

प्रवेश परीक्षेची तयारी बहुतेक जण करतातच. मुलाखतीत मात्र ज्याने खरा डेटा हाताळलेला आहे तो चटकन ओळखू येतो. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. अ‍ॅस्ट्रोसॅटची निरीक्षणे ठरावीक राखीव काळानंतर इस्रोच्या डेटा केंद्रातून सर्वांना खुली होतात, विश्लेषणासाठी लागणारे हीसॉफ्ट हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात अ‍ॅस्ट्रोसॅटच्या वापरकर्त्यांसाठी साहाय्य कक्ष आहे. लिनक्स आणि पायथॉन यांची सवय आधी करून घ्यावी आणि मग एकच तेजस्वी स्रोत निवडून त्याचे काम शेवटपर्यंत न्यावे. दहा स्रोत अर्धवट चाळण्यात काही हशील नाही.

क्रॅब तेजोमेघाचे उदाहरण घेऊ. त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा पल्सार, म्हणजे स्पंद देणारा न्यूट्रॉन तारा आहे, म्हणजे एका फेरीला जवळपास ३३ मिलिसेकंद लागतात. उपकरणाने दिलेल्या फाइलमध्ये प्रत्येक फोटॉनची (क्ष-किरणाच्या कणाची) वेळ आणि ऊर्जा यांची नोंद असते. त्यावरून तीव्रतेचा काळानुसार आलेख काढला की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या मोठमोठ्या फटी, आणि नवखा विद्यार्थी त्यांत ताऱ्याचे गुणधर्म शोधू लागतो. प्रत्यक्षात सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरचा अ‍ॅस्ट्रोसॅट साधारण ९८ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्या फेरीत काही काळ स्रोत पृथ्वीआड जातो आणि दक्षिण अटलांटिकवरच्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्यातून जाताना मोजणी बंद ठेवावी लागते. या फटी ओळखून वगळल्यानंतर फोटॉनच्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी जुळवून घ्यायच्या. उपग्रह आणि पृथ्वी दोन्ही सतत हलत असल्याने हे केले नाही, तर लांबलचक निरीक्षणात स्पंद पसरट होऊन पुसला जातो. त्यानंतर वर्णपट काढून त्याला घात-नियमाचे (पॉवर लॉ) प्रारूप बसवावे, घातांक २.१ च्या आसपास आला, तर आपली पद्धत बहुधा बरोबर आहे असे समजावे. तो फार वेगळा आला, तर दोष क्रॅबमध्ये नसून आपल्या प्रतिसाद-फाइलमध्ये (उपकरण कोणत्या ऊर्जेला कसा प्रतिसाद देते त्याच्या नोंदीत) किंवा पार्श्वभूमीच्या वजाबाकीत आहे.

उपकरणाचा इतिहास माहीत असणे हाही विश्लेषणाचाच भाग आहे. अ‍ॅस्ट्रोसॅटवरील लॅक्सपीसी या उपकरणात झेनॉन वायूने भरलेले तीन एकसारखे मापक आहेत. त्यांपैकी एकातून वायूची गळती झाली आणि दुसऱ्याचे वर्धन (संकेत मोठा करण्याचे प्रमाण) अस्थिर झाले, त्यामुळे २०१८ नंतरच्या निरीक्षणांसाठी संशोधक मुख्यतः तिसऱ्यावरच विसंबतात. ज्याला हे ठाऊक नाही तो तिन्ही मापकांचा डेटा निर्धास्तपणे एकत्र करतो आणि न घडलेल्या घटनेवर शोधनिबंध लिहायला बसतो.

अवकाश प्रयोगशाळेतली पीएच.डी. आणि विद्यापीठातली पीएच.डी. यांतला खरा फरक उपकरणाच्या कामात आहे. इथे डिटेक्टरची चाचणी किरणोत्सारी स्रोत वापरून केली जाते. लोह-५५ ची ५.९ आणि अमेरिशियम-२४१ ची ५९.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा कुठे उमटते यावरून ऊर्जेची मोजपट्टी ठरते, आणि हेच मापन वेगवेगळ्या तापमानांना, निर्वात कक्षात, कंपन चाचणीच्या आधी आणि नंतर पुन्हा पुन्हा करावे लागते. हे काम कंटाळवाणे वाटू शकते आणि त्यातून लगेच शोधनिबंधही निघत नाही. उपग्रहाचे वेळापत्रक पुढे सरकत राहते, पीएच.डी.ची मुदत मात्र सरकत नाही. म्हणून मार्गदर्शक निवडतानाच विचारून घ्यावे की प्रबंध पूर्णपणे उड्डाण न झालेल्या उपकरणावर अवलंबून राहणार आहे की कक्षेत असलेल्या एखाद्या उपकरणाच्या डेटावरचे एक प्रकरणही त्यात असेल. दुसरी सोय असेल तरच होकार द्यावा. त्या गटातून अलीकडे बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली आणि ते आता कुठे आहेत, हेही त्यांनाच विचारावे. संस्थेच्या माहितीपत्रकात ते नसते.

पीआरएलमध्ये पहिले वर्ष अभ्यासक्रम आणि छोट्या प्रकल्पांत जाते, पदवीसाठीची नोंदणी मात्र बाहेरच्या संस्थेत होते. तिचे नियम, शुल्क आणि मुदती रुजू होतानाच लिहून घ्याव्यात. एम.एस्सी.च्या उन्हाळ्यात विज्ञान अकादमींच्या ग्रीष्मकालीन फेलोशिपमधून अशा प्रयोगशाळेत दोन महिने काढता आले, तर शिफारसपत्रापलीकडे एक फायदा होतो: डेटा आणि डिटेक्टर यांपैकी आपले मन कशात रमते हे कळते. अर्जासोबतच्या निवेदनात लहानपणापासूनचे आकाशाचे वेड रंगवण्यापेक्षा कोणता स्रोत, कोणते उपकरण आणि काय अडले हे चार ओळींत लिहावे, कारण मुलाखतीतले प्रश्न नेमके तिथूनच सुरू होतात: पार्श्वभूमी कशी वजा केली, फोटॉन कमी असताना ‘काय-वर्ग’ (chi-square) ही संख्याशास्त्रीय कसोटी का चालत नाही, प्रारूप बसले नाही तेव्हा आधी काय तपासले.