पेट्यांचे सूर लावून घर चालवायचं असेल तर

संगीतात करिअर म्हटलं की लोकांना गाणारे आणि वाजवणारे दिसतात. वाद्य नीट ठेवणारा माणूस फारसा कुणाला आठवत नाही, म्हणूनच या कामात अजून भरपूर जागा आहे. मी सांगलीत हार्मोनियम दुरुस्त करते, त्यांचे सूर लावते आणि यावर माझं घर व्यवस्थित चालतं. शेजारच्या मिरजेची सतार आणि तंबोरा सगळ्यांना माहीत आहेत, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गिऱ्हाइकं बघायला गेलात तर पेटीची जास्त. गावागावात भजनी मंडळ आहे, प्रत्येक कीर्तनकाराच्या मागे पेटी आहे, गायनाचे क्लास आहेत, शाळा आहेत, संगीतबारी आहे. या सगळ्या पेट्या कधी ना कधी बिघडतात, आणि दुरुस्त करणारे हात मोजके आहेत.

हे काम शिकायला गायक असावं लागत नाही. कान लागतो आणि तो तयार करता येतो. पेटीच्या आत आवाज देणाऱ्या पितळी जिभांना, म्हणजे रीडना, आम्ही सूरच म्हणतो. दोन सुरांची, म्हणजे डबल रीडची पेटी घ्या, एकच पट्टी दाबा आणि दोन्ही ओळींचे सूर एकदम ऐका. दोन्ही तंतोतंत जुळले असतील तर आवाज सरळ वाहतो. नसतील तर त्यात लाट येते, वाँव-वाँव अशी. सेकंदाला दोन लाटा आल्या तर दोन सुरांच्या कंपनांत दोनचा फरक आहे. ही लाट एकदा ऐकू यायला लागली की पुढचं सगळं सरावावर आहे. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप जरूर वापरा, पण शेवटचा निकाल कानाचाच माना.

शिकायचं मात्र कारागिराजवळ बसूनच. वर्ष-दीड वर्ष उमेदवारी करायची तयारी ठेवा. पहिले काही महिने सुरांना हात लावायला मिळणार नाही, आणि तेच बरोबर आहे. आधी भाता शिकायचा. पुठ्ठा, कापड, कडांचं चामडं, कोपऱ्यांचे जोड. भात्यातून हवा गळत असेल तर दाब हलतो, दाब हलला की सूरही किंचित हलतो. अशा पेटीचे सूर लावणं म्हणजे मेहनत वाया. तपासायची रीत सोपी आहे: सगळे स्टॉप, म्हणजे सुरांकडे हवा सोडणाऱ्या खुंट्या, बंद करा, भाता भरा आणि सोडून द्या. हवा लगेच बसली तर गळती भात्यात आहे. मग स्टॉप उघडा आणि एकही पट्टी न दाबता हवा भरा. तरीही एखादा सूर वाजत राहिला तर त्या पट्टीखालच्या झाकणाचं चामडं झिजलंय, त्यात कचरा अडकलाय किंवा स्प्रिंग ढिली पडलीय. ‘ताई, आमची पेटी आपोआप वाजतेय’ असा बुवांचा फोन आला की निम्म्या वेळा एवढंच असतं. दहा मिनिटांचं काम, पण सप्ताह तोंडावर आलेल्या मंडळाला ते लाखमोलाचं वाटतं.

आता मुख्य काम. समजा, काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, बेसूर आहे. मधल्या सप्तकात हा सूर सेकंदाला ४१५ कंपनांच्या आसपास हवा आणि आपला ४१३ वर बसलाय, म्हणजे उतरलाय. सुरांची फळी बाहेर काढा. पितळेच्या चौकटीत एक बारीक जीभ असते, एका टोकाला रिव्हेटने जखडलेली, दुसरं टोक मोकळं. जिभेखाली पातळ पत्रा सरकवा, म्हणजे ती वाकणार नाही. सूर चढवायचा असेल तर मोकळ्या टोकाजवळ अगदी हलक्या हाताने खरडा. टोक हलकं झालं की जीभ लवकर हलते. उतरवायचा असेल तर रिव्हेटच्या बाजूला, मुळाशी खरडा. तिथे धातू कमी झाला की जीभ मऊ पडते आणि सावकाश हलते. दोन-तीन ओरखडे, मग थांबा. खरडल्याने पितळ तापतं, गार झाल्यावर सूर थोडा सरकतो. घाईत लावलेला सूर दुसऱ्या दिवशी जागेवर नसतो. शिवाय टेबलावर जुळलेला सूर पेटीत बसवल्यावरही थोडा बदलतो, म्हणून शेवटची तपासणी नेहमी पेटी बंद करून, भाता मारून करायची. काढलेलं पितळ परत लावता येत नाही, एवढं सतत ध्यानात ठेवा.

सूर लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा: पेटी कोण वाजवणार आणि कोणत्या पट्टीत? भजनी मंडळात एक बुवा काळी दोनमध्ये गातो, दुसरा काळी पाचमध्ये. त्यांना सगळ्या पट्ट्यांत चालणारं समान ट्यूनिंगच द्यावं. पण एखादा वादक एकल वाजवत असेल आणि त्याचा षड्ज ठरलेला असेल, तर तो गांधार ट्यूनिंग मागतो. त्यात शुद्ध गांधार समान ट्यूनिंगपेक्षा १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा खाली असतो. तंबोऱ्यासोबत तो असा मिसळतो की अंगावर काटा येतो. पेटीचे सूर बांधलेले आहेत, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, या जुन्या तक्रारींमुळे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. तेवढ्या काळातही आपल्याकडच्या भजनातून आणि नाटकातून पेटी हलली नाही. तिचा गांधार नीट लावून देणं हे त्या तक्रारीला आपल्या परीने दिलेलं उत्तर आहे, असं मी मानते.

पैशांचं सांगते. डबल रीडची पेटी पूर्ण उघडून, साफ करून सूर लावून द्यायचे आमच्या भागात अडीच ते चार हजार मिळतात. भाता नवा घातला तर वेगळे. स्केल चेंजरचं, म्हणजे पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणाऱ्या पेटीचं, काम किचकट, त्याचे जास्त घ्या आणि घेताना संकोच करू नका. एका पेटीला दीड-दोन दिवस जातात. हात बसला की महिन्याला दहा-बारा पेट्या आरामात होतात. आषाढी वारीआधी, श्रावणात आणि गणपतीआधी तर रांग लागते. सुरुवातीला हत्यारांना फार खर्च नाही: बारीक कानशी, खरडणी, पातळ पत्रे, स्क्रूड्रायव्हर, ब्रश, फेल्ट, चामडं, सरस. सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे मिळतात, त्यांचे दोन-तीन संच हाताशी ठेवा.

जुन्या पेट्यांत मात्र जर्मन किंवा पॅरिसचे सूर सापडतात. ते बदलायची घाई कधीच करू नका, त्यांचा गोडवा टिकवणं हेच आपलं काम. आणि पेटी ताब्यात घेताना ती गिऱ्हाइकासमोर उघडा, सुरांचे फोटो काढा, पावतीवर लिहून द्या. जुने सूर काढून साधे बसवले जातील, ही भीती लोकांच्या मनात खरीच असते. ती घालवलीत की तोच माणूस आणखी चार मंडळं घेऊन येतो.

कोकणातलं काम धराल तर एक जपा. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. लगेच रंधा मारू नका. आत्ता तासलेली पट्टी थंडीत खुळखुळते. आधी पेटी कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा, तरीही अडकली तर अगदी थोडं घासा. खारी हवा सुरांवर हिरवा थर चढवते, तो नुसता मऊ ब्रशने काढा. चिंच-लिंबू लावायचं मनातही आणू नका.

दोन-तीन वर्षांनी हात स्थिर झाला की पायपेटीकडे, म्हणजे ऑर्गनकडे वळा. संगीत नाटकांचे जुने ऑर्गन अजून कितीतरी घरांत आणि नाट्यसंस्थांत धूळ खात पडले आहेत. त्यातले बरेचसे हवा ढकलत नाहीत, ओढतात, त्यामुळे भाता उलट्या बाजूने समजून घ्यावा लागतो. सूर आकड्याने ओढून बाहेर काढायचे असतात, त्याला वेगळं हत्यार बनवून घ्यावं लागतं. हे काम जाणणारे फार थोडे उरलेत. जे आहेत त्यांच्याकडे आत्ताच जाऊन बसा, आणि बसताना वही सोबत न्या.