छोट्या वस्तूंचे फोटो काढताय? आधी वस्तू बघा, कॅमेऱ्याचं नंतर

ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी छोट्या वस्तूंचे फोटो काढून द्यायचं काम मी करते, आणि या कामात नवीन येणारे जवळपास सगळेच पहिला प्रश्न विचारतात की कॅमेरा कुठला घेऊ. मी म्हणते सध्या फोन पुरे, आधी वस्तू हातात घ्या आणि दिव्याखाली फिरवून बघा ती चमकते का. अंगठी, घड्याळ, अत्तराची बाटली, लाकडी खेळणं, चामड्याचं पाकीट, सगळं तळहातावर मावणारंच, पण लाइटच्या दृष्टीने यांचे प्रकार तीनच: मॅट (म्हणजे न चमकणारे), चकचकीत आणि पारदर्शक. आपली वस्तू यातली कुठली हे कळलं की लाइट कुठून टाकायचा ते बरंचसं ठरून जातं. आणि हे एकदा डोक्यात बसलं ना, की महागडं सामान घ्यायची घाई आपोआप कमी होते.

त्याआधी सॉफ्ट लाइटचं, म्हणजे ज्याने सावलीची कड मऊ येते त्या लाइटचं, एकदा नीट समजून घ्या, कारण यात लोक फार गोंधळतात. लाइट सॉफ्ट की हार्ड हे बल्ब किती पॉवरचा आहे त्यावर ठरत नाही, वस्तूच्या मानाने लाइट किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. उघडा बल्ब छोटा, म्हणून सावलीची कड एकदम धारदार येते. त्याच बल्बच्या पुढे बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर धरला की आता तो अख्खा कागद म्हणजेच तुमचा लाइट. आणि छोट्या वस्तूंचं सुख हे की अंगठीसाठी ए३ साइजचा कागदसुद्धा अवाढव्य लाइट ठरतो, खोलीभर सॉफ्टबॉक्स (लाइटपुढे पांढरं कापड लावलेले मोठे डबे) लागत नाहीत. फक्त कागद वस्तूच्या जवळ हवा, अगदी फ्रेमच्या बाहेर जेमतेम, आणि बल्ब कागदापासून थोडा मागे, म्हणजे सगळा कागद उजळतो. बल्ब कागदाला चिकटवून ठेवलात तर मधे एक पांढरा गोळा पडतो आणि बाकी कागद फुकट जातो (बल्ब तापणारा असेल तर कागद पेटायचीही भीती, तेव्हा एलईडीच वापरा).

अंतराचं गणितही याच बरोबर बघा. छोट्या लाइटपासून अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. त्यामुळे लाइट वस्तूच्या अगदी जवळ असेल तर मागचं बॅकग्राउंड झपकन काळपट होतं, आणि लाइट लांब नेला की वस्तू आणि बॅकग्राउंड साधारण सारखं उजळतं. हे दोन्ही कामाचं आहे, काय हवंय त्यावर अवलंबून.

मॅट वस्तू सगळ्यात सोप्या. लाइट एका बाजूने टाका, वस्तूच्या दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा म्हणजे सावली थोडी भरते, झालं. कापडाची वीण किंवा लाकडाच्या रेषा दिसायला हव्या असतील तर लाइट जरा खाली आणि तिरका आणा. समोरून फ्लॅश मारलात तर वीण बिण काही दिसणार नाही, सगळं सपाट.

खरी मजा आणि खरी डोकेदुखी चकचकीत वस्तूंची, आणि मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवते. स्टील, पॉलिश केलेला दागिना, घड्याळाची केस, हे सगळे आरसे आहेत. लाइट ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो, म्हणजे कॅमेऱ्याला त्या धातूत दिसतं ते धातू नाही, आजूबाजूचं जग दिसतं. म्हणून लेन्स जिथे आहे तिथे डोळा न्या आणि वस्तूत काय काय दिसतंय ते बघा: छत, खिडकी, फोन, तुमचा रंगीत शर्ट. त्यातलं जे नको ते पांढऱ्या कागदाने झाका. मी स्वतः शूटला गडद आणि बिनडिझाइनचे कपडेच घालते, नाहीतर चमच्यात फुलं उगवतात.

आता यावर उपाय म्हणून नवीन लोक तयार लाइट टेंट घेतात, चारी बाजूंनी पांढरं कापड असलेला तो डबा. वाईट नाही, पण सगळीकडे पांढरंच दिसायला लागलं की धातू मेल्यासारखा दिसतो, स्टील आहे की करडं प्लास्टिक ते कळत नाही. धातू धातू वाटतो तो पांढऱ्याच्या शेजारी काळं दिसतं म्हणून. तेव्हा काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या कापून ठेवा आणि एकेक पट्टी वस्तूच्या बाजूला सरकवत लेन्समधून बघत बसा, एका जागी अचानक कड उठून येते आणि वस्तूला आकार येतो. दुसरी युक्ती म्हणजे बल्ब कागदाच्या एका टोकाकडे सरकवायचा, मग कागदावरच उजेड हळूहळू कमी होत जातो आणि तीच उतरण गोल धातूवर उमटते. पोलरायझर फिल्टर (रिफ्लेक्शन कमी करायला लेन्सपुढे लावायची काच) घेऊन हे सुटेल असं काही जण सांगतात, पण धातूवरचं रिफ्लेक्शन नुसत्या पोलरायझरने जात नाही. प्लास्टिकचं पॅकिंग, वॉर्निश, काच यांवरचं ठराविक कोनात बरंच कमी होतं, त्यासाठी तो जरूर वापरा.

काच आणि पारदर्शक वस्तूंना समोरून लाइट देऊन काही हाती लागत नाही, मागून द्यायचा. मागे उजळलेला पांढरा कागद, आणि बाटलीच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जरा बाहेर काळ्या पट्ट्या, की बाटलीच्या कडा काळ्या रेषेने आखल्यासारख्या येतात. उलटही करता येतं, बाटलीच्या बरोब्बर मागे काळा कागद आणि त्याच्या चारी बाजूंनी डोकावणारा उजेड, मग कडा चमकतात. मात्र बोटाचा एकेक ठसा दिसणार, हातमोजे घाला.

रंगाबद्दल मी जरा कडक आहे, कारण फोटोत मरून रंगाचा आणि घरी आला लाल, असं झालं की माल परत येतो आणि विकणारा तुम्हाला पुन्हा काम देत नाही. शूटच्या वेळी खोलीतले बाकीचे दिवे बंद करायचे, हा नियमच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन, घरातला पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दोन्ही एकाच फोटोत आले तर वस्तूची एक बाजू निळी आणि एक पिवळी, आणि एक व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ती सेटिंग) दोघांना पुरा पडत नाही. एलईडी घेताना वॅटपेक्षा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) बघा, ९५ च्या वर असेल तर उत्तम. पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरतात तो करडा पुठ्ठा) ठेवा आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, ऑटोवर सोडलं तर निळी वस्तू आणि लाल वस्तू यांचं पांढरं बॅकग्राउंड वेगवेगळं येतं. स्वस्त एलईडीमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर स्पीड कमी करा, ५० हर्ट्झ वीज असेल तिथे १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून बघा.

पांढरं बॅकग्राउंड करडं येतं ही तक्रार तर कायमची. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याचं मीटर सगळ्या जगाला मध्यम करडं धरून चालतं, म्हणून समोर पांढरंच पांढरं असलं की तो फोटो काळपट करतो. एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वर घ्या, फोनवर फोकसच्या जागी बोट दाबून लॉक करा आणि मग ब्राइटनेस वर सरकवा. अॅमेझॉनला मेन फोटोत शुद्ध पांढरं लागतं, म्हणजे आरजीबी २५५, २५५, २५५, आणि वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. पण म्हणून बॅकग्राउंडवर नुसता लाइट ओतू नका, तो उजेड परत येऊन वस्तूच्या कडा खातो, वस्तू बॅकग्राउंडपासून थोडी पुढे ठेवा आणि राहिलेलं एडिटिंगमध्ये करा.

सेटिंगवर मी फार बोलत नाही. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १००, लेन्सचं तोंड एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा तितकं तोंड लहान), दोन सेकंदांचा टायमर. एफ/२२ वर सगळं शार्प येईल असं वाटतं, येत नाही, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक तोंडातून जाताना उजेड पसरतो म्हणून, फोटो मऊ पडतो. फोन असेल तर लेन्स पुसा, वाइड लेन्स वस्तूच्या तोंडाशी नेऊ नका, आकार फुगतो, त्यापेक्षा मागे होऊन २एक्स झूम वापरा. काही फोन जवळ गेलं की गुपचूप अल्ट्रावाइडवर जातात, ते बंद करा. पोर्ट्रेट मोड पण नको, तो साखळीच्या कड्याच खाऊन टाकतो.

काम म्हणून करायचं असेल तर एक सांगते, फोटो काढायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ पुसायला लागतो. ब्लोअर आणि मायक्रोफायबर कापड कायम जवळ हवं, धूळ नंतर कॉम्प्युटरवर काढत बसणं म्हणजे शिक्षा. अंगठी उभी राहत नसेल तर खाली चिकट पुट्टीचा कण लावा. सगळा लॉट शूट करायच्या आधी एका वस्तूचा फोटो पूर्ण एडिट करून क्लायंटकडून ओके घ्या, आणि मग टेबलवर वस्तूची, लाइटची, ट्रायपॉडच्या पायांची जागा टेपने आखून ठेवा, कारण पंधरा दिवसांनी तो अजून चार वस्तू घेऊन येणारच आणि त्या जुन्यांच्या शेजारी शोभल्या पाहिजेत. फाइलला नाव वस्तूच्या कोडचं द्या, एक्स्पोर्ट एसआरजीबीमध्ये (वेबवर चालणारी रंगांची पद्धत) करा. समोरून, तिरका, मागून, एक जवळचा डिटेल आणि एक हातात धरलेला, एवढे तरी फोटो हवेतच, हातातला फोटो नसला की साइज किती ते कोणालाच कळत नाही. वस्तू वापरलेली असेल तर तिच्यावरचा ओरखडा पुसू नका, उलट त्याचा वेगळा फोटो द्या.

काम मागायला जाताना पोर्टफोलिओत तीन फोटो असले तरी चालतात: एक स्टीलचा चमचा, एक रिकामा काचेचा ग्लास, एक काळी मॅट वस्तू. ज्याला या कामातलं कळतं तो पहिला चमचाच झूम करून बघतो.