एकच संशोधन दोन जर्नलांत: या चुका टाळा

पेपर पाठवून चार महिने झाले, पोर्टलवर अजून ‘अंडर रिव्ह्यू’च दिसतंय आणि संपादकाचं उत्तर नाही. अशा वेळी ‘दुसरीकडेही पाठवून ठेवू, आधी जिथे लागेल तिथे लागेल’ असा विचार मनात येतो. नोकरीचे अर्ज असे दहा ठिकाणी टाकता येतात, पेपर नाही. सबमिट करताना ‘हे लेखन इतरत्र विचाराधीन नाही’ या ओळीपुढे आपण टिक केलेली असते. ती टिक म्हणजे लेखी हमी असते.

पकडलं जाण्यासाठी सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. विषय जितका अरुंद तितके समीक्षक (पेपर तपासणारे तज्ज्ञ) मोजके, त्यामुळे दोन्ही जर्नलांनी तो पेपर एकाच माणसाकडे तपासायला पाठवणं सहज घडतं. मग तो समीक्षक दोन्ही संपादकांना कळवतो आणि दोन्हीकडचे दरवाजे एकदम बंद होतात.

उशीर असह्य झाला तर आधी पेपरचा क्रमांक टाकून स्थिती विचारा. साधारण दोन आठवडे थांबून मुख्य संपादकाला लिहा, मग प्रकाशकाच्या संपादकीय कार्यालयाला. तरीही हललं नाही तर सगळ्या सहलेखकांना सीसी करून पेपर मागे घेण्याची विनंती करा आणि लेखी पुष्टी येईपर्यंत दुसरं पोर्टल उघडूही नका. विनंती पाठवली म्हणून पेपर मागे घेतला गेला, असं होत नाही. तुमची मेल कुणी वाचायच्या आत ‘स्वीकृत’ असं पत्र येऊ शकतं. पुष्टीची मेल जपून ठेवा.

याचाच एक छुपा प्रकार आहे. ‘मेजर रिव्हिजन’ (मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवण्याची सूचना) आली, समीक्षकांच्या मागण्या झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्या जर्नलला काहीच न कळवता पेपर दुसरीकडे पाठवला. लेखकाच्या मते तो विषय संपलेला असतो, जर्नलच्या नोंदीत मात्र पेपर जिवंत असतो. रिव्हिजन करायची नसेल तर तसं कळवा, पोर्टलवर ‘डिक्लाइन टू रिव्हाइज’चा पर्याय असेल तर तो वापरा आणि मगच पुढे जा.

सहलेखकांचंही बघा. विद्यार्थी प्रयोगशाळा सोडून गेला, त्याने जुना मसुदा एकीकडे पाठवला, मार्गदर्शकाने सुधारलेला दुसरीकडे. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, तरी पेपर दोन झाले. पेपर कुठे, कधी आणि कोण पाठवणार, हे सगळ्यांच्या मेलवर एकदा लिहून ठेवलं की हा घोळ टळतो.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग: एकाच डेटातून अनेक पेपर. मोठ्या अभ्यासातून दोन-तीन पेपर निघणं गैर नाही. प्रश्न वेगळा असेल, मोजमाप वेगळं असेल आणि दोन्ही निष्कर्ष एकाच पेपरात कोंबल्याने वाचकाची गैरसोय होणार असेल, तर वेगळे पेपर रास्तच. पण तेच रुग्ण, तीच पद्धत, तोच प्रश्न आणि फक्त वयोगट बदलून तीन पेपर, याला ‘सलामी स्लायसिंग’ म्हणतात.

याहून फसवा प्रकार म्हणजे फुगवलेला पेपर. समजा पहिल्या पेपरात १२० रुग्ण होते. पुढे आणखी १८० रुग्ण मिळाले आणि दुसरा पेपर ३०० रुग्णांचा झाला, पण त्यातले १२० आधी छापलेत हे कुठेच लिहिलं नाही. मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेलं विश्लेषण) करणारा दोन्ही पेपर वेगळे धरतो आणि त्याच्या तक्त्यात ४२० रुग्ण येतात. खऱ्या जगात ते ३००च आहेत. याचा परिणाम कागदावरच राहत नाही. ऑन्डान्सेट्रॉन हे औषध शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या किती रोखतं, याच्या चाचण्यांची छाननी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. १७ टक्के चाचण्या आणि २८ टक्के रुग्णांचा डेटा दुबार छापलेला निघाला. तो दुबार डेटा मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये धरला की औषधाची परिणामकारकता २३ टक्क्यांनी जास्त दिसत होती.

उपाय एका वाक्याचा आहे आणि ते वाक्य पद्धतीच्या विभागातच हवं: ‘या अभ्यासातील ३०० रुग्णांपैकी १२० रुग्णांची माहिती आमच्या आधीच्या पेपरात दिलेली आहे’, पुढे संदर्भ. चाचणीचा नोंदणी क्रमांक असेल तर तो दोन्ही पेपरांत तोच द्या. पाठवण्याआधी चार रकाने आखा: संशोधनाचा प्रश्न, नमुना, मोजलेले परिणाम, तक्ते आणि आकृत्या. आधीचा पेपर एका ओळीत, नवा दुसऱ्या ओळीत. चारपैकी तीन रकाने सारखे निघाले तर दुसरा पेपर लिहिण्याचा विचार सोडा.

कॉन्फरन्सच्या बाबतीत विषयानुसार नियम बदलतात. वैद्यकशास्त्रात सारांश किंवा पोस्टर सादर केल्याने पुढचा पेपर सहसा अडत नाही. संगणकशास्त्रात प्रोसीडिंग्जमध्ये (कॉन्फरन्सच्या प्रकाशित पेपरसंग्रहात) आलेला पूर्ण पेपर हेच प्रकाशन असतं. तो वाढवून जर्नलला द्यायचा तर भरीव नवं काम हवं. बरीच जर्नलं ३० टक्क्यांच्या आसपास नवा मजकूर मागतात, पण आकडा त्या त्या जर्नलच्या सूचनांतच पाहावा. प्रस्तावना लांबवून भरलेले ३० टक्के संपादकाच्या लगेच लक्षात येतात. नवे प्रयोग, नवी सिद्धता किंवा नवी तुलना लागते.

सिमिलॅरिटीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने दाखवलेल्या मजकुराच्या साम्याच्या, टक्क्यांवरही अनेकांचा भलताच विश्वास असतो. ‘माझा अहवाल १२ टक्क्यांचा आहे, म्हणजे सुटलो.’ पण ते १२ टक्के चाळीस ठिकाणांहून थोडेथोडे आलेत की एकट्या तुमच्या जुन्या पेपरातून, हे संपादक पाहतो. संदर्भसूची वगळून एकेका स्रोताचा टक्का बघा. पद्धतीच्या विभागातली थोडी पुनरुक्ती चालून जाते, निष्कर्षातली नाही. शिवाय शब्द फिरवून टक्का खाली आणला तरी तक्त्यातली सरासरी आणि प्रमाण विचलन तेच राहतात. दुबार प्रकाशनाला सारखे शब्द लागत नाहीत, सारखा डेटा पुरेसा असतो.

भाषांतरही याच कारणाने अडकतं. ‘भाषा वेगळी, म्हणजे पेपर वेगळा’ हे खरं नाही. दुसऱ्या भाषेत छापता येतं, पण वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अटी स्पष्ट आहेत: दोन्ही संपादकांची संमती, वेगळा वाचकवर्ग, मूळ पेपरातला डेटा आणि अर्थ जसाच्या तसा, आणि हे दुय्यम प्रकाशन आहे हे शीर्षकात व तळटिपेत नमूद.

प्रीप्रिंटला (तपासणीआधीच ऑनलाइन सर्व्हरवर टाकलेल्या मसुद्याला) आता बहुतेक जर्नलं हरकत घेत नाहीत, फक्त त्याचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) कव्हर लेटरमध्ये, म्हणजे पेपरसोबत संपादकाला द्यायच्या पत्रात, द्या आणि तोच मसुदा दोन सर्व्हरवर टाकू नका. प्रबंधातून काढलेला पेपरही सहसा चालतो, मात्र प्रबंध पुस्तकरूपात आला असेल तर आधी विचारून घ्या.

कव्हर लेटरमध्ये काय लिहायचं? असं चालेल: ‘या हस्तलिखिताचा काही भाग अमुक परिषदेत सारांशरूपाने सादर केला आहे. याच नमुन्यावरचा आमचा एक पेपर तमुक जर्नलमध्ये विचाराधीन असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात रक्तदाबाचे निष्कर्ष आहेत, यात मूत्रपिंडाच्या कार्याचे. दोन्हींत तक्ता १ मधील रुग्णांची मूलभूत माहिती सामाईक आहे.’ इतकं सांगितल्याने पेपर नाकारला जाईल अशी भीती असते. पण साम्य किती चालेल हे ठरवणं संपादकाचं काम आहे, आणि तो ते ठरवू शकतो तुम्ही दाखवलं तरच.

चूक होऊन गेली असेल तर पायऱ्या साध्या आहेत. पेपर दोन्हीकडे तपासणीत असेल तर नंतर पाठवलेला आजच मागे घ्या आणि दोन्ही संपादकांना तारखांसकट कळवा. दोन्हीकडे छापून झाला असेल तर ‘कोप’ या प्रकाशननीती समितीच्या मार्गदर्शनानुसार सहसा नंतरचा पेपर रिट्रॅक्ट होतो (छापल्यानंतर मागे घेतला जातो), आधीचा दुसरा काही दोष नसेल तर राहतो. दोन्ही एकाच वेळी आले असतील तर परवाना किंवा कॉपीराइट करारावर आधी सही कुठे झाली, ते पाहिलं जाऊ शकतं. म्हणून त्या करारांच्या तारीख असलेल्या प्रती पेपरच्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात.