उष्णता-तापमानाच्या गणितात या चुका टाळा, नाहीतर उत्तर येतं उणे १५

दहावीतला उष्णतेचा धडा दिसायला सोपा, सूत्रं दोन-तीनच, तरी मार्क नेमके तिथेच जातात. आणि गणित कच्चं म्हणून नाही, व्याख्या पाठ असली तरी उष्णता आणि तापमान एकच असं डोक्यात कुठेतरी बसलेलं असतं म्हणून.

सगळ्यात फसवं गणित आधी घेऊ. ५० अंश सेल्सिअसचं १०० ग्रॅम पाणी, त्यात ० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ टाकला, शेवटी तापमान किती? बहुतेक जण लगेच समीकरणच मांडतात, म्हणजे बर्फ वितळायला १०० गुणिले ८० (१ ग्रॅम बर्फाला वितळायला ८० कॅलरी लागतात), ८००० कॅलरी, मग ते पाणी टी अंशापर्यंत, म्हणजे शेवटच्या तापमानापर्यंत, तापायला १०० टी, आणि समोर गरम पाण्याने दिलेली १०० गुणिले (५० वजा टी), सोडवलं की टी येतो उणे १५. आता शून्याच्या बर्फात गरम पाणी घातलं आणि सगळं मिळून बर्फापेक्षा गार झालं, हे कसं?? पण घाईत लोक उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळे होतात.

आकडेमोड बरोबर आहे हो. सगळा बर्फ वितळणारच हे न तपासता धरलं, घोळ तिथे झाला. पाणी ५० वरून थेट ० वर आलं तरी ५००० कॅलरीच देणार, बर्फाला हव्यात ८०००. मग ५००० भागिले ८०, साडेबासष्ट ग्रॅम बर्फ वितळेल, साडेसदतीस ग्रॅम तसाच तरंगेल आणि तापमान ० राहील. देणारा जास्तीत जास्त किती देऊ शकतो आणि घेणाऱ्याला किती लागते, हे दोन आकडे आधी रफमध्ये काढायचे, मग समीकरण.

दुसरी सवय म्हणजे सरासरी काढणं. १०० अंशाचा १०० ग्रॅम लोखंडी गोळा २० अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यात, की लगेच ६०! लोखंडाची विशिष्ट उष्मा (१ ग्रॅम पदार्थ १ अंश तापायला लागणाऱ्या कॅलरी) ०.११, पाण्याची १, त्यामुळे खरं उत्तर २८ च्या जरा खाली येतं (भांड्याने घेतलेली उष्णता सोडून). सरासरी चालते फक्त पदार्थ तोच, वस्तुमान तेवढंच आणि मधे अवस्था बदलत नसेल तेव्हा. औष्णिक समतोल झाला म्हणजे दोघांकडची उष्णता सारखी झाली, असंही लिहितात, ते साफ चूक. सारखं होतं ते तापमान, इथे गोळा एक अंश तापायला ११ कॅलरी पुरतात आणि पाण्याला १०० लागतात, मग उष्णता सारखी होईलच कशी.

हाताला लागतं तेच तापमान, हाही गैरसमज. थंडीत सकाळी स्टीलचं ताट लाकडी पाटापेक्षा गार लागतं, पण रात्रभर एकाच खोलीत पडलेत ना दोन्ही, तापमान तेच, स्टील हातातली उष्णता भराभर ओढून नेतं एवढंच.

वाफेचंही तसंच, १०० अंशाची वाफ आणि १०० अंशाचं पाणी, तापमान एकच, पण १ ग्रॅम वाफ नुसतं पाणी होताना ५४० कॅलरी सोडते, म्हणून वाफेचा चटका जास्त बसतो.

एककांचं पटकन सांगते, कॅलरी-ग्रॅम आणि ज्यूल-किलोग्रॅम एकाच ओळीत मिसळू नका, आणि तापमानातला फरक ३० अंश सेल्सिअस असेल तर तो ३० केल्विनच असतो, त्यात २७३ मिळवायचे नसतात (हे करणारे दरवर्षी असतात).

प्रॅक्टिकलला थर्मामीटर भांड्याच्या तळाला टेकवू नका आणि घातल्या घातल्या रीडिंग घेऊ नका, तो स्वतःचं तापमान दाखवतो, पाण्याइतकं व्हायला त्याला थोडा वेळ लागतोच. मिश्रण न ढवळता घेतलेलं रीडिंगही कामाचं नाही. पुण्यात उकळत्या पाण्यात ९८ च्या आसपास आकडा आला तर थर्मामीटर बिघडला म्हणून १०० लिहून टाकू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे, तिथे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी आधीच उकळतं आणि तुमचं ९८ बरोबर आहे.